शैलजा काय म्हणाली

शैलजाचं तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी धनाजी तारळेकरांनी गॅस बंद केला आणि सवयीनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, "वाढू का गं?"

आतल्या खोलीतून शैलजाच्या आवाजात उत्तर आलं, "वाढा. पण थोडंच."

हातातली पळी आमटीत पडली. ते धावत आत गेले. पलंग रिकामा होता, गादी गुंडाळून भिंतीला लावलेली होती. उशाच्या स्टुलावर वाचापेटी तेवढी चालू होती. घरात माणसाची हालचाल असल्यासारखं वाटावं म्हणून त्यांनीच ती चालू ठेवली होती. तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि पंखा घरघरत होता.

धनाजीराव पेटीसमोर उभे राहिले. त्यांनी हळूच विचारलं, "शैला, कशी आहेस?"

"मी बरी आहे," पेटी म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

गेल्या पाच महिन्यांत हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्याच वाक्यावर त्यांनी ते पाच महिने काढले होते.

धनाजीराव कराडच्या एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. शैलजा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिची जीभ तिखट होती, हे पूर्ण शाळेला आणि अर्ध्या गावाला माहीत होतं. तिच्या आजाराचं निदान झालं तेव्हा तिची जीभच आधी अडखळू लागली. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. पुढच्या दोन वर्षांत हात गेले, पाय गेले, आवाज पूर्ण गेला. डोळे राहिले. वर पाहिलं की हो, आणि डावी-उजवीकडे फिरवले की नाही, एवढीच त्या दोघांची भाषा उरली.

मग २०४१ च्या जूनमध्ये पुण्यातल्या एका इस्पितळात तिच्या मेंदूवर टपालाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली, आणि धनाजीराव वाचापेटी घेऊन घरी आले.

पेटीची करामत समजायला अवघड नव्हती. माणूस बोलतो तेव्हा मेंदू आधी जिभेला, ओठांना, गळ्याला हुकूम सोडतो. शैलजाचे स्नायू ते हुकूम पाळत नव्हते, पण मेंदू ते सोडतच होता. जाळी ते टिपायची आणि पेटी त्यांचे शब्द लावायची. हे शब्द लावणं मात्र फार जिकिरीचं. खुणा पुसट असतात, 'पाणी' की 'पाळी' तेही चटकन कळत नाही. म्हणून पेटीत दोन भाग होते. एक वाचणारा, तो खुणा बारकाईनं लावायचा आणि त्याला संगणकाची खूप ताकद लागायची. दुसरा अंदाज बांधणारा. खोलीत कोण काय विचारतंय, असे रुग्ण एरवी काय उत्तर देतात, यावरून तो पुढचा शब्द सुचवायचा. त्याला फारशी ताकद लागत नसे.

पहिल्या दिवशी पेटीतून आलेलं पहिलं वाक्य होतं, "अहो, आमटीत मीठ आहे की मिठात आमटी?" नळीतून पोटात जाणाऱ्या अन्नाची चव तिला कळत नव्हती. पण स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासावरून ती टोमणे मारत होती. धनाजीराव त्या दिवशी हसत हसत रडले.

पेटी लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालायची. इस्पितळातल्या मुलीनं एक कागद हातात दिला होता. आल्याबरोबर पासवर्ड बदला. दर आठवड्याला अपडेट करा. रोजच्या कामासाठी साधं खातं वापरा, मालकाचं खातं उठसूट उघडू नका. बाहेरून पेटीत शिरायची वाट बंद ठेवा. धनाजीरावांनी तो कागद देवघराच्या कप्प्यात नीट ठेवला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी अपडेट आलं आणि पेटी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागली. वीस मिनिटं शैलजा मुकी झाली. त्या वीस मिनिटांतली तिच्या डोळ्यांतली भीती त्यांना पाहवेना. आवाज परत आला तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा असं करू नका." चालत्या गाडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा वर्कशॉपमधला नियमच होता. त्यांनी अपडेट कायमचं बंद करून टाकलं.

ऑक्टोबरमध्ये ते मंडईत असताना तिला ठसका लागला. शेजारीण होती म्हणून निभावलं. बाहेर असतानाही तिचा आवाज आपल्या फोनवर यायला हवा, असं त्यांच्या मनानं घेतलं. इंटरनेटवरच्या एका व्हिडिओत कुणीतरी सांगितलेल्या चार ओळी त्यांनी जशाच्या तशा पेटीत उतरवल्या आणि बाहेरून शिरायची वाट उघडली. काही अडलं की व्हिडिओतला माणूस म्हणायचा, मालकाच्या खात्यातून करा. त्यांनी केलं. पासवर्ड ठेवला 'शैला१२३', कारण तो आपण कधीच विसरणार नाही याची त्यांना खात्री होती. मंडईत मेथी निवडत असताना फोनमधून आवाज आला, "जून आणू नका." त्यांना जग जिंकल्यासारखं वाटलं.

आणि दिवाळीच्या सुमारास शैलजा मऊ झाली.

"छान झालंय," ती म्हणायची. "मी बरी आहे." "तुम्ही दमला असाल, पडा जरा." ती मधूनच रडायची, डोळे घट्ट मिटून घ्यायची. डॉक्टर फोनवर म्हणाले, या आजारात रडू आवरत नाही, मनावर घेऊ नका. पेटी तापायची, पंखा सतत घरघरायचा. धनाजीराव तिच्याजवळ स्टूल ओढून बसायचे आणि बोलायचे. दोघांच्या संसारात झालं नव्हतं तेवढं बोलणं त्या पाच महिन्यांत झालं. मार्चच्या अखेरीला छातीत कफ साठून ती गेली.

आणि आता, ती गेल्यावर, तीच वाक्यं येत होती.

कराडच्या नगर वाचनालयात दर रविवारी नसीम मुजावर एक वर्ग घ्यायच्या. पॉलिटेक्निकमध्ये त्या संगणक शिकवत. घराघरांत अशा पेट्या आल्या, कुणाच्या हृदयाला, कुणाच्या इन्शुलिनला, आणि त्या सांभाळणारी माणसं बहुतेक म्हातारी. त्यांना लिनक्सचं कुलूपकिल्लीचं ज्ञान द्यावं म्हणून हा वर्ग. रुग्णालयाच्या यादीवरून धनाजीरावांनाही दोनदा निरोप आला होता. शैलजाला सोडून कुठं जायचं, म्हणून ते गेले नव्हते. आता ते पेटी टॉवेलात गुंडाळून शेवटच्या बाकावर बसले.

"लिनक्सला काही होत नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल," नसीम सांगत होत्या. "कुलूप भक्कम आहे, खरं आहे. पण किल्ली पायपुसण्याखाली ठेवली तर कुलूपवाल्यानं काय करावं? आणि अपडेट म्हणजे नवं काही नसतं हो. भिंतीला कुठं भोक पडलंय ते बाकी सगळ्यांना कळलेलं असतं. अपडेट म्हणजे ते भोक बुजवायला आलेला गवंडी. त्याला दारातून परत पाठवू नका."

धनाजीराव खाली मान घालून ऐकत होते.

वर्ग सुटल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. नसीमनं पेटी इंटरनेटला लावलीच नाही. आधी आतल्या सगळ्या माहितीची एक प्रत काढून ठेवली, मग पेटी चालू करून दोन-तीन आज्ञा टाइप केल्या. पडद्यावर ओळीच ओळी आल्या. कोण कधी पेटीत शिरलं त्याची ती नोंद होती.

"हे तुम्ही, काका. हे पण तुम्ही. आणि ३ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, हे कोण?"

"मला काय माहीत?"

"त्याआधी अकरा दिवस कुणीतरी दर दोन सेकंदांनी एक पासवर्ड लावून बघत होतं. माणूस नव्हे, यंत्र. तुमचा सापडला. तोही मालकाच्या खात्याचा. एकदा मालक झाला की घरात त्याला कुणी अडवत नाही."

"व्हायरस सोडला का त्यांनी?"

"चोर शिरले. घरातलं काही नेलं नाही. तुमच्या चुलीवर त्यांनी स्वतःचं अन्न शिजवलं. पेटीची ताकद वापरून दुसऱ्यांचे पासवर्ड फोडत बसले होते. इथं कुणी आजारी आहे हे त्यांच्या गावीही नसेल. चूल त्यांनी अडवली, म्हणून काकूंचं..." त्या बोलायच्या थांबल्या.

"सांगा."

"वाचणाऱ्या भागाला ताकद उरली नाही. दीड सेकंदात त्याच्याकडून शब्द आले नाहीत, तर अंदाज बांधणाऱ्यानं वाक्य पुरं करायचं, अशी योजना आहे. रुग्णाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून केलेली. चांगल्या मनानंच केलेली. नोव्हेंबरपासून तुमच्याशी जवळजवळ फक्त अंदाजच बोलत होता."

"म्हणजे ती बोलतच नव्हती?"

नसीमनं चष्मा काढला. "बोलत होत्या, काका. पेटी ऐकत नव्हती."

मग नसीम म्हणाल्या की मेंदूच्या कच्च्या खुणा पेटीत साठवलेल्या असतात. मोकळ्या संगणकावर त्या पुन्हा लावता येतील. चार-पाच दिवस लागतील. "पण ऐकायलाच हवं असं नाही."

"लावा," धनाजीराव म्हणाले.

पुढच्या शनिवारी सकाळी ते ओट्यावर बसून वाचू लागले. डाव्या बाजूला शैलजा काय म्हणाली, उजव्या बाजूला पेटी काय म्हणाली. आवाजही करून दिला होता, पण तो लावायचं त्यांना धैर्य झालं नाही.

४ नोव्हेंबर. डावा खांदा दुखतोय, कूस बदला. त्यासमोर, मी बरी आहे. त्या एका दिवसात तिनं हे अकरा वेळा सांगितलं होतं. तिच्या डाव्या खांद्याला झालेली जखम त्यांना आठवली. डॉक्टरांनी विचारलं होतं, बाई तक्रार करत नव्हत्या का?

१२ नोव्हेंबर. अहो, हे मी म्हणाले नाही. त्यासमोर, तुम्ही जेवलात का?

डिसेंबरभर बहुतेक तेच. पेटी बंद करा. माझ्याकडे बघा. डोळ्यांकडे बघा. मूर्ख माणसा, इकडे बघ. लग्नाला तीस वर्षं झाली होती, तिनं त्यांना एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं.

जानेवारीत तिनं त्यांना सांगणं सोडलं होतं. ती स्वतःशीच बोलत होती. शाळेतला धडा घेत होती. कृष्णेला मिळणाऱ्या नद्या, उगमापासून सांगा. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा. पुन्हा सांगा. पेटी त्या वेळी म्हणत होती, आज हवा छान आहे. आणि त्यांनी खिडकी उघडली होती. त्यांना ते स्वच्छ आठवत होतं.

मग २६ जानेवारी.

त्या दिवशी सुट्टी म्हणून ऋतुजाचा व्हिडिओ कॉल आला होता. ऋतुजा त्यांची एकुलती एक मुलगी. विशाखापट्टणमला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत होती. आईच्या आजाराचं निदान झालं त्याच महिन्यात ती चौदा महिन्यांच्या सफरीवर दक्षिण ध्रुवाकडे निघाली होती. शैलजा अडखळत्या जिभेनं म्हणाली होती, "जा. पण मग परत येऊ नकोस." ऋतुजा गेली. परतल्यावरही घरी आली नाही. हट्ट दोघींचाही सारखाच. त्या कॉलवर तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं, "आई, मी येऊ का?"

आणि पेटी म्हणाली होती, "नको गं, उगाच धावपळ कशाला? तुझं काम कर. मी बरी आहे."

डाव्या बाजूला होतं, ये. ये. ऋतू, ये. मी बोलले ते विसर. आत्ता निघ.

खाली आणखी चौतीस दिवस, रोज दोनदा, तीनदा. ऋतूला बोलवा. मार्चपासून ते कमी होत गेलं होतं. शेवटच्या पानावर एकच सलग वाक्य होतं. आज दाढी केलीत, बरे दिसताय. त्यासमोर पेटीचं, पाणी द्या. धनाजीरावांनी त्या दिवशी कापसाच्या बोळ्यानं तिचे ओठ ओले केले होते.

दुपार झाली तरी ते ओट्यावरच होते.

रविवारी ते नसीमकडे गेले. "मुलीला सांगणार?" नसीमनं विचारलं.

"काय करू?"

"मी तुमच्या जागी असते तर सांगितलं नसतं," नसीम म्हणाल्या. "त्यानं काकू परत येणार नाहीत. ती मात्र मोडेल."

त्याच संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "पप्पा, आई शेवटी किती मऊ झाली होती ना? मला 'नको गं' म्हणाली. तो 'गं' माझ्या कानातून जात नाही. तेवढ्यावर चाललंय माझं."

"हं," धनाजीराव म्हणाले.

त्यांनी आठ दिवस विचार केला. न सांगणं सोपं होतं आणि त्यात दयाही होती. पण पोरीला काय झेपेल याचा अंदाज आपणच बांधायचा, आणि तिच्या वतीनं आपणच उत्तर देऊन टाकायचं, हे त्यांना आता जमेना. शैलजाच्या बाबतीत पाच महिने हेच झालं होतं. त्यांनी विशाखापट्टणमचं तिकीट काढलं.

ऋतुजाच्या घराच्या खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. तिनं पोहे केले होते. "पप्पा, न कळवता आलात? तब्येत बरी आहे ना?"

"बस जरा," ते म्हणाले. "मला आधी बोलू दे सगळं."

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. देवघरात ठेवलेला कागद, बंद केलेलं अपडेट, व्हिडिओतल्या चार ओळी, पासवर्ड. काही लपवलं नाही. मग कागदांचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवला. ऋतुजा वाचू लागली. जानेवारीच्या पानावर ती थांबली.

"याचा आवाज आहे?"

"आहे. मी ऐकला नाही."

तिनं तो लॅपटॉपवर लावला. सात सेकंदांचा होता. शैलजाचा आवाज, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा. ये. ये. ऋतू, ये. आवाज संपल्यावर क्रेनची घंटा ऐकू आली.

"का सांगितलंत मला?" ऋतुजा ओरडली. "तिची एक चांगली आठवण होती माझ्याकडे, पप्पा. एकच होती!"

"ती आईची नव्हती, ऋतू. पेटीची होती."

"मला चालली असती!"

ती खिडकीशी गेली, पाठमोरी उभी राहिली. मग तिनं न वळताच विचारलं, "तुम्ही रोज तिच्या उशाशी होतात. तिचे डोळे दिसत नव्हते तुम्हाला?"

हा प्रश्न येणार हे त्यांना माहीत होतं. येताना गाडीत त्यांनी त्याचं उत्तर जुळवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजारच तसा होता, पेटीवर विश्वास होता. ते सगळं त्यांनी बाजूला ठेवलं.

"दिसत होते," ते म्हणाले.

"मग?"

"ती डोळे डावी-उजवीकडे फिरवायची. नाही, नाही म्हणायची. आणि पेटी म्हणायची, तुम्ही दमला असाल, पडा जरा." त्यांचा आवाज फुटला. "तीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं गं. मला ते ऐकायचं होतं. म्हणून मी पेटीकडं बघत बसलो."

ऋतुजा वळली. आपल्या वडिलांना तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्याजवळ आली नाही. आत जाऊन दार लावून घेतलं. पोहे तसेच गार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "पप्पा, आज तुम्ही जा. मला एकटीला राहू दे." ते हो म्हणाले. स्टेशनवर सोडायला मात्र ती आली. गाडी लागली होती. त्यांची पिशवी तिनं आत ठेवली, पाण्याची बाटली दिली, खाली उतरली आणि खिडकीशी उभी राहिली.

"बाकीचं सगळं मला पाठवा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासूनचं. मधलं काही गाळू नका. मला शिव्या घातल्या असतील त्याही."

"घातल्यात," धनाजीराव म्हणाले. "डिसेंबरात. बऱ्याच."

ऋतुजा फसकन हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिनं ओढणी तोंडावर धरली. धनाजीरावांनी गजातून हात बाहेर काढला. तिनं तो धरला नाही. पण ती बाजूलाही झाली नाही. गाडी हलली, फलाट मागं सरकू लागला, आणि ते गजाला गाल लावून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले, दिसेनासे होईपर्यंत.